जळालेली मिरची आणि मी, सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नंदुरबार तालुक्यात, रनाळ्याच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेत मी राहतो. माझा जन्म दूर अंबाल्याच्या कारखान्यात झाला. पितळी चाके, तीन भिंगे आणि खाली उजेड पकडणारा गोल आरसा. शाळेत आलो तेव्हा मुले माझ्यापुढे रांग लावत. पुढे वर्गात मोठा पडदा आला, त्यावर रंगीत पेशी हलू लागल्या आणि माझी रवानगी कपाटात झाली. भिंगांवर बुरशी चढली.

गेल्या वर्षी विज्ञान शिकवायला आलेल्या जागृती मॅडमनी मला बाहेर काढले. पहिल्याच मुलाने डोळा लावला आणि ओरडला, "मॅडम, यामा तं ताक दिखी ऱ्हायनं!" सगळा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मॅडमनी मात्र न हसता माझी भिंगे साफ केली.

पण मित्रांनो, ती लाज काहीच नव्हती. खरी लाज मी पुढे पाहिली.

नववीतल्या स्वप्नालीच्या वडिलांनी, भूपेंद्रने, ठिबकवर मिरची लावली होती. रोपे चांगली वाढली होती आणि एकाएकी माना टाकून वाळली. शेजारचे शेत सिंधुबाईंचे. त्या एकट्याच राहत. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या बांधावरच्या गवतावर तणनाशक मारून घेतले होते. भूपेंद्रने मागचापुढचा विचार केला नाही. सकाळी दूध डेअरीवर सगळ्यांसमोर तो त्यांना म्हणाला, "काकू, तुमनामुये मन्ही मिरची जयी गयी!"

त्या दिवसापासून सिंधुबाईंकडे निंदणीला बाया येईनात. त्यांनी डेअरीवर येणे सोडले. स्वप्नाली लहानपणापासून त्यांच्या अंगणात खेळलेली. तीही त्यांना पाहून मान फिरवू लागली. हे सारे मला तिच्याच तोंडून कळले, कारण ती एक वाळलेले रोप घेऊन मॅडमकडे आली होती.

मॅडमनी लाल कांद्याचा जांभळट पापुद्रा काढला, काचेवर साध्या पाण्यात ठेवला आणि मला दिला. "बघ, पेशी कशा गच्च भरल्यात," त्या म्हणाल्या. "बाहेर कडक भिंत, आत नाजूक प्रद्रव्यपटल. ते पाण्याला सहज वाट देतं. मीठ, क्षार यांना मात्र अडवतं. त्यांना ठरावीक वाटांनीच, लागतील तसे, आत घेतलं जातं. आता मिठाचं पाणी सोडूया."

मिठाचे पाणी आत शिरले आणि माझ्या डोळ्यांदेखत पेशी आक्रसू लागल्या. भिंती जागच्या जागी राहिल्या. आतला जांभळा रस मात्र पटलासकट भिंतीपासून सुटून मध्ये गोळा झाला.

"बाहेर क्षार जास्त झाले की पेशीतलं पाणी पटलातून बाहेर ओढलं जातं. हे परासरण. मुळंही अशीच पाणी घेतात. मातीतलं पाणी सौम्य असेल तर ते आत येतं. तेच खारट झालं, तर मुळांतलं पाणी बाहेर जातं."

स्वप्नालीने हातातल्या वाळलेल्या रोपाकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मॅडम, खतही क्षारच ना?"

दुसऱ्या दिवशी ती बाटलीत पाणी घेऊन आली. वडिलांच्या ठिबकच्या खतटाकीच्या तळाशी उरलेले पाणी होते ते. नव्या पापुद्र्यावर मॅडमनी त्याचे थेंब सोडले. तसेच झाले. स्वप्नालीने माझ्यावरून डोळा काढला आणि बाटलीचे झाकण घट्ट लावले. मॅडमनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले.

भूपेंद्रने वाकून पाहिले. "हाई काय शे?"

"पप्पा, हाई आपली टाकीनं पानी शे," स्वप्नाली म्हणाली. "तुम्ही जास्तीनं खत सोडं ना? काकूना बांधजोडेनी ओय दखा. ती हिरवीगार शे. खत सोडं तव्हय तठला व्हॉल्व्ह बंद व्हता."

तणनाशक उडाले असते तर बांधाजवळची ओळ आधी जळायला हवी होती. ती ओळ त्याने रोज पाहिली होती आणि तरीही पाहिली नव्हती. रोपे लवकर वाढावीत म्हणून खत त्याने स्वतःच्या हाताने ओतले होते. तो बराच वेळ माझ्यावर वाकून राहिला. आता तो पेशी पाहत नव्हता. त्याला फक्त लेकीकडे मान वर करायची नव्हती.

संध्याकाळी तो सिंधुबाईंच्या घरी गेला. स्वप्नालीही सोबत होती. त्याची माफी ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "नाव डेअरीवर लिधं ना रे तू मन्हं? मंग माफी घरमा काबरं?"

म्हणून एका सकाळी मी लाकडी पेटीतून डेअरीवर गेलो. दुधाच्या कॅनांशेजारी स्टुलावर मला मांडले. भूपेंद्र सगळ्यांसमोर उभा राहिला. "मन्ही मिरची मीच जाळी. काकूस्वर खोटा आळ घाला," तो म्हणाला. एकेकाने येऊन माझ्यात टाकीच्या पाण्याने आक्रसलेल्या पेशी पाहिल्या. ज्यांनी आपल्या बायांना निंदणीला जाऊ दिले नव्हते, ते खाली पाहत उभे होते.

शेवटी भूपेंद्रने सिंधुबाईंना पुढे यायची विनंती केली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"माले काय दखाडस रे?" त्या म्हणाल्या. "मी काय करं नही, हाई माले पयलेच माहीत व्हतं."

मित्रांनो, आजवर इतके डोळे मला लागले, पण त्या न लागलेल्या डोळ्यांनी मला जितके खजील केले, तितके कुणीच केले नाही.

भूपेंद्रने साधे पाणी सोडून जमीन धुतली. थोडी रोपे उठली, बाकीची गेली. बाया कामाला परतल्या. स्वप्नाली पुन्हा सिंधुबाईंच्या अंगणात जाते. सिंधुबाई तिच्याशी बोलतात; तिच्या घरचा चहा मात्र अजून घेत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कुणी कपाटात पडला असेल, तर त्याला जपा, वापरा. शेतात काही जळाले, घरात काही नासले, तर आधी त्याला विचारा. माणसाचे नाव मग घ्या. आम्ही उशिराही खरे तेच सांगतो. पण त्या उशिरात एका बाईने दार लावून घेतलेले असते, आणि ते उघडायचे कसे, हे माझ्या कोणत्याच भिंगातून दिसत नाही.