बाटलीभर पाणी

तीस वर्षांपूर्वी टेकडीचा नकाशा करताना भूवैज्ञानिकाने होकायंत्राच्या सुईचं उलटं टोक वाचलं होतं. खडकाचे थर टेकडीच्या पोटात उतरतात, म्हणजे खाली घसरायची भीती नाही, असं त्याने ठोकून दिलं. मोठा शहाणा! त्या भरवशावर पायथ्याशी घरं उठली. त्यातलं एक त्याच्या लेकीचं.

काल लेक म्हणाली, "बाबा, दार लागेनासं झालंय." तेव्हा कुठे त्याने जुना नकाशा काढला. सकाळीच तो धापा टाकत वर चढला आणि उघड्या थरावर त्याने बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी थेट लेकीच्या छपराच्या दिशेने धावलं, पण चार हातांवर एका ताज्या भेगेत गडप झालं.

फोन वाजला. "बाबा, सुतार म्हणतो, दार ठीक आहे. भिंतच सरकलीय."