आमदारांसाठी मांडलेला पाट

मी पाट बोलतोय. सुरतेच्या कतारगामात, मंगलाबाईंच्या एका खोलीच्या घरात मी भिंतीला टेकून उभा असतो. त्यांचे यजमान सुकदेव मागावर कापड विणतात. सूत आलेल्या खोक्याच्या फळ्यांतून त्यांनीच मला घडवलं. खालची एक पट्टी बुटकी राहिली, म्हणून माझ्यावर बसणारा जरा डुलतो आणि हसतो.

माझ्यावर सत्यनारायण बसले, गौरी बसल्या, लेक नूतनला तर दर वाढदिवसाला ओवाळलं.

नूतनची मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तिला शिरपूरला मामाकडे धाडावं लागणार. पंचाण्णवच्या निवडणुकीत उमेदवार गल्लीत आले, हात जोडून म्हणाले, "आठवीचा वर्ग मी विधानसभेत मागीन."

ते निवडून आले. मंगलाबाईंना एवढंच हवं होतं: मागितला का?

सुकदेव कामाची पाळी बुडवून तीनदा आमदारांच्या कचेरीत विचारायला गेले. कारकून म्हणाला, "ए बधुं अंदरनुं छे, भाई. बहार ना अपाय." म्हणजे सगळं आतलं, बाहेर द्यायचं नाही.

"रेशनवाल्याला धान्यसाठ्याचा फळा बाहेर लावावा लागतो," मंगलाबाई म्हणाल्या. "कायदे करणाऱ्यांनाच तेवढी सूट कशी हो?"

"तू भलती भोळी शे," सुकदेव म्हणाले.

"असेन. मी व्रत धरलं तर उद्यापन चारचौघांत करते. त्यांनी शपथ घेतली, ते काय व्रत नव्हे?"

श्रावणात त्यांनी सोळा सोमवार धरले. सतराव्या सोमवारी उद्यापन, त्याचं पहिलं आमंत्रण आमदारांना. मला पुसलं, भोवती रांगोळी काढली, समोर पान वाढलं. शेजारच्या कलाबाई हसल्या, "तुमचा चूरमा कोण खाईन? त्यांना फाफडा लागतो!"

दुपार कलली तेव्हा त्यांचा माणूस आला. "साहेब गांधीनगर गया छे." त्यानं चूरमा डब्यात घेतला.

"आठवीचं विचारलं का त्यांनी विधानसभेत?" मंगलाबाईंनी विचारलं.

"बेन, एवडं आमाला बी नाय सांगत," तो म्हणाला आणि गेला.

माझ्यावर कुणी बसलं नाही.

जूनमध्ये नूतन बसली. आईनं ओवाळलं, हातावर दही ठेवलं, आणि पोर शिरपूरच्या गाडीनं गेली.

आता माझा रंग उडालाय. तरी दर सोमवारी मंगलाबाई मला दाराकडे तोंड करून मांडतात. त्यांना वाटतं, वर्ग कधीच मंजूर झाला असेल, कागद कुठल्याशा कपाटात असेल, आणि कुणी सांगितलंच नसेल. म्हणून नूतन परतली की अंगाला बसावा, असा तिचा जुना गणवेश उसवून, वाढवून ठेवलाय.

साहेब, सगळ्यांना बांधता तो कायदा एकदा स्वतःलाही बांधून घ्या. इथं येऊन सांगा. वर्ग मागितलाच नसेल, तर तसं सांगा.

तरीही मंगलाबाई तुम्हाला पाटावरून उपाशी उठवणार नाहीत.