शेवटचे दोन आकडे

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत, आणि मागे नाही, तोंडावर म्हणत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावर बाईंचा फार जीव. समोर सायकल दिसली की ब्रेक, कुत्रं दिसलं की ब्रेक, शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास दिसला की हमखास ब्रेक. "गाडी पळवायला कुणालाही येते," त्या म्हणत, "माणसं शाबूत घरी आणता आली पाहिजेत." त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मंडळी आज शहरात गाड्या हाकत होती आणि बाई रस्त्यात दिसल्या की उगाचच वेग कमी करत होती.

एका सकाळी सीटबेल्ट सारखा करताना बाईंचा हात गळ्यावर गेला आणि तिथे वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. घरच्या डॉक्टरांनी चाचपून पाहिली आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी केली, सुई घालून गाठीचा नमुना काढला आणि हात धुता धुता सांगितलं, "रिपोर्ट तयार झाला की मोबाइलवर मेसेज येईल. तो घेऊन या, मग पुढचं ठरवू."

बाई घरी आल्या आणि वाट बघायला लागल्या. आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. हॉस्पिटलात फोन लावला तर आधी बराच वेळ बासरी ऐकवली आणि मग कुणीतरी म्हणालं, "मेसेज येईल." डॉक्टरांच्या दाराशी बसणारा मदतनीस म्हणाला, "रिपोर्ट आणल्याशिवाय डॉक्टर बघत नाहीत." म्हणजे डॉक्टर रिपोर्टसाठी अडलेले, रिपोर्ट मेसेजसाठी अडलेला आणि मेसेज कशासाठी अडला होता ते देवच जाणे. गाठ मात्र कुणासाठी खोळंबलेली नव्हती. निदान बाईंना रोज आरशात तसं वाटायचं.

घरात तर भलतंच वारं वाहत होतं. नवरा बेकरीत पाव भाजायचा. पिठाच्या हातांनी फोनला कधी शिवत नसे. तो हल्ली न्हाणीघरातही फोन घेऊन जाऊ लागला होता. मुलगा जेवताना फोन मांडीवर ठेवायचा. सूनबाई घटकेघटकेला कपाट उघडून काहीतरी चाचपताना दिसायची. "माझ्या रिपोर्टचं काही कळलं का?" असं बाईंनी विचारलं की तिघं एका सुरात "अजून नाही आला" म्हणत, आणि लगेच कुणीतरी हवापाण्याच्या गप्पा सुरू करत.

बाईंनी उन्हाळे-पावसाळे पाहिले होते. रिपोर्ट आलाय, वाईट आहे आणि या तिघांना सगळं ठाऊक आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. जीव नुसता टांगणीला लागला. कुणाला काय द्यायचं याची वाटणीसुद्धा त्यांनी मनातल्या मनात उरकली. गाडी सुनेला, कारण मुलगा वळताना आरशात बघत नाही.

शेवटी एका दुपारी शिकायला येणारे गृहस्थ आलेच नाहीत, तेव्हा बाईंनी गाडी सरळ हॉस्पिटलात घातली.

रिपोर्टच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिने नाव विचारलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, "तयार आहे की, केव्हाचाच. मेसेजही गेलाय."

"कुणाला?"

"तुम्हालाच. थांबा, ओटीपी पाठवते. तो सांगितलात की लगेच छापून देते."

बाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. फोनने हूं की चूं केलं नाही.

"तुमच्या नंबरच्या शेवटी त्रेसष्ट आहे ना?" मुलीने विचारलं.

"नाही. एकवीस."

मुलगी स्क्रीनजवळ वाकली. "नंबर बदललाय. एकदा नाही, तीनदा. तीनदा बदलला की कुलूपच पडतं, काकू. आता तुमच्या डॉक्टरांनी सही केल्याशिवाय चौथा घालता येणार नाही, आणि डॉक्टर सुट्टीवर आहेत. सोमवारी याल?"

"गळा माझा, गाठ माझी, सुई मला टोचली," बाई म्हणाल्या. "हे ओळखपत्र बघा, फोटोत गळासुद्धा आलाय. आणि रिपोर्ट मिळणार त्या त्रेसष्टला?"

मागच्या रांगेतून कुणीतरी हुंकार भरला. मुलगी बिचारी वाईट नव्हती. "मला पटतंय हो, पण ओटीपीशिवाय छापायचं बटण उघडतच नाही. घरी विचारून बघा ना."

बाईंनी बाकावर बसून नवऱ्याला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"अहो, तुमच्या नंबरच्या शेवटी काय आहे?"

"सत्तेचाळीस. का गं?" मग तो खाकरून म्हणाला, "तू आत सुई टोचून घेत होतीस ना, तेव्हा मी खिडकीवर माझा नंबर दिला. म्हटलं, काही वेडंवाकडं असलं तर आधी मला कळू दे. मी तुला नीट सांगितलं असतं."

"मग आला मेसेज?"

"नाही ना. फोन उशाशी घेऊन झोपतोय मी."

बाईंनी मुलाला फोन लावला. तो चोरावर मोर निघाला. "बाबांचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे," तो म्हणाला. "भट्टीसमोर उभं राहून त्यांनी असला मेसेज वाचला असता म्हणजे? म्हणून मी त्यांचा काढून माझा घालायला लावला."

"तुझ्या शेवटी काय?"

"आई, तुला माझा नंबर पाठ नाही?"

"आकडे सांग."

"नव्वद."

राहता राहिली सूनबाई. तिने बाईंचा आवाज ऐकला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "आई, त्रेसष्ट माझा आहे. जुना नंबर. ह्यांनी ऑफिसात तो मेसेज वाचला असता ना, तर तशीच बाइक दामटत घरी निघाले असते. मला धडकीच भरली. मग मी जाऊन बदलला. जुना फोन कपाटात चादरींखाली ठेवलाय, कुणाला दिसू नये म्हणून. दिवसातून चारदा बघते, पण शपथेवर सांगते, काही आलेलं नाही."

"त्यात रिचार्ज कधी मारला होतास?"

"अगं बाई," सूनबाई हळूच म्हणाली.

बाईंना आधी हसू फुटलं. घरात कुणी खोटं बोललंच नव्हतं! तिघंही खरोखर वाट बघत होते, एकमेकांना चुकवून, आपापल्या मुक्या फोनकडे डोळे लावून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण हसण्यापाठोपाठ असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बातमी नवऱ्याला झेपेल का, मुलाला झेपेल का, सगळ्यांचा विचार झाला होता. जिच्या गळ्यात गाठ होती तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आणि यांच्या मायेपायी रिपोर्ट इथे लोळत पडला होता.

तासाभरात तिघं येऊन थडकले. नवऱ्याच्या कानाला पीठ लागलेलं, मुलगा घामाघूम. सूनबाईने वाटेत रिचार्ज मारला होता, पण तेवढ्यात फोनची बॅटरी मेली. खिडकीवरच्या मुलीने स्वतःचा चार्जर काढून दिला. फोन कण्हत कुंथत सुरू झाला, मग त्यावर मेसेजचा पाऊस पडला: कर्ज घ्या, प्लॉट घ्या, लॉटरी लागली. सूनबाई ते बोटाने सारत राहिली. त्यांच्यातच, लॉटरीच्या खाली, 'आपला रिपोर्ट तयार आहे' हा मेसेज होता. चांगलाच शिळा झालेला. मग नवा ओटीपी आला, बाईंनी तो वाचून दाखवला आणि आत छपाईचं यंत्र खरखरलं.

खिडकीतून लिफाफा बाहेर आला तसे तीन हात पुढे झाले. बाईंनी नुसतं वळून पाहिलं. हात मागे गेले.

डॉक्टरांच्या जागी त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. सही करायचा अधिकार त्यांना नव्हता, रिपोर्ट वाचायचा होता. मदतनिसाने लिफाफा आत नेला आणि बाहेर येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नातेवाइकांनी आत या. पेशंटने बाहेर बसायचं."

नवरा उठलाच.

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. मग मदतनिसाकडे वळून म्हणाल्या, "गाठ नातेवाइकांना नाही झालेली."

डॉक्टरीणबाईंनी मागे कुणी येतंय का पाहिलं. "एकट्याच?"

"बोला. मला नीट ऐकू येतं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. गाठ कॅन्सरची आहे, असं त्यांनी सांगितलं. तो शब्द संपल्यावर बाईंना क्षणभर खोलीतलं काही ऐकू येईना, फक्त डॉक्टरीणबाईंचे ओठ हलताना दिसत होते. "थांबा," त्या म्हणाल्या. "शेवटचं परत सांगा." डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता परत सांगितलं. गाठ लहान आहे. सोनोग्राफीत पसरल्याची खूण नाही. हा प्रकार धिमा असतो. ऑपरेशन करायचं, नंतर रोज एक गोळी. बहुतेक सगळी माणसं खडखडीत बरी होतात. फक्त आता आणखी वेळ घालवायचा नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची एक जागा रिकामी आहे, ती तुम्हाला देऊ का?

"आवाज जाईल का?" बाईंनी विचारलं. "माझं निम्मं काम ओरडण्याचं आहे."

"थोडे दिवस हळू बोलावं लागेल कदाचित."

"घरच्यांना चालेल," बाई म्हणाल्या, आणि रिकामी जागा घेऊन टाकली.

त्या दार उघडून बाहेर आल्या. बाकावर तिघं एका रांगेत बसले होते. नवऱ्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले होते. मुलगा आईच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा लहानपणी ताप आल्यावर बघायचा. सूनबाईच्या हातात तो जुना फोन तसाच होता.

आणि बाईंच्या ओठांवर आलं, 'काही विशेष नाही.' अगदी जिभेच्या टोकावर आलं. तेवढं म्हटलं की नवऱ्याला आजची रात्र झोप लागली असती, मुलगा हसला असता, ऑपरेशनचं उद्या-परवा हळूच सांगता आलं असतं. या तिघांनी काय केलं होतं आणि का केलं होतं, ते बाईंना तिथे दारात उभं राहिल्यावर पुरतं कळलं. राग तिथल्या तिथे विरला.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे, पसरलेला नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. बहुतेक सगळे बरे होतात म्हणाल्या, मी दोनदा विचारून घेतलं."

सूनबाईने डोळे पुसले. मग नवऱ्याने मान वर केली. इतक्या दिवसांत घरात कुणीच विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"भीती वाटते का गं?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "फार वाटते. सरका जरा, मला बसू दे."

तिघंही सरकले, आणि मधली जागा त्यांना मिळाली.