पाठीवरचा कागद

मी एक जुना गोनिओमीटर आहे. नावाला बिचकू नका, मित्रांनो. तुमच्या कंपासपेटीत कोनमापक असतो ना, त्याचा मी थोरला चुलतभाऊ. तो वहीतले कोन मोजतो, मी माणसांचे. गुडघा किती वाकतो, खांदा किती वर जातो, हे मी अंशांत सांगतो. पारदर्शक प्लास्टिकची एक चकती, तिच्यावर आकडे, आणि एका खिळ्यावर फिरणारे दोन लांब हात, एवढाच माझा देह.

कारखान्यात माझा खिळा जरा जास्तच घट्ट बसला. त्यामुळे दुकानात मला कोणी घेईना. लोक हात फिरवून बघत, "हा अडकतोय" म्हणत आणि ठेवून देत. एके दिवशी दुकान बंद व्हायच्या बेताला एक मुलगी धापा टाकत आली. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात होती आणि दुसऱ्या दिवशी तिचे प्रात्यक्षिक होते. हाताला पहिला लागला तो गोनिओमीटर तिने पिशवीत टाकला. मैत्रिणी तिला सुसाट म्हणत. का, ते मला तिच्या घरी पोहोचेपर्यंत नीट कळले होते.

घरात तिने कोणाला सोडले नाही. वडील वर्तमानपत्र वाचत असले की त्यांचे कोपर, बहीण झोपली असली की तिचा घोटा, आई फडताळावरचा डबा काढायला गेली की तिचा खांदा.

"अगं, मी माणूस आहे की दाराची बिजागरी?" आई म्हणाली.

"हलू नकोस ना, आई. एकशे साठ."

"काल एकशे पंचाहत्तर म्हणालीस. एका रात्रीत म्हातारी झाले का मी?"

"उद्यापर्यंत थांब," वर्तमानपत्राआडून वडील म्हणाले, "दोनशेसुद्धा देईल ती."

दोष माझा नव्हता, पण बोलणार कोणापाशी?

आकडे असे का बदलतात, याचे उत्तर पुढच्या एका प्रात्यक्षिकात मॅडमनी दिले. त्यांनी वर्गातल्या एका मुलाला टेबलावर झोपवले आणि त्याचा गुडघा वाकवून पट्ट्याने बांधून टाकला. मग अर्ध्या वर्गाच्या कानात सांगितले, हा शंभरच्या आसपास आहे. उरलेल्या अर्ध्यांना सांगितले, एकशे वीसच्या आसपास. सुसाट पहिल्या अर्ध्यात होती. तिला एकशे एक दिसले. तिच्या मैत्रिणीला एकशे एकोणीस. मग मॅडमनी स्वतः मोजले. एकशे दहा.

वर्गात जो तो आपापला गोनिओमीटर तपासू लागला.

"लबाडी कोणीच केली नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचे डोळे आकडा ठरवून आले होते. हात बिचारे त्यांच्या मागे गेले."

त्याच तासाला प्रत्येकाच्या गोनिओमीटरवर पांढरा कागद चिकटला. माझ्या पाठीवरही. आता कागदाची बाजू स्वतःकडे धरायची. हाडांच्या खुणा चाचपून माझे हात जागेवर लावायचे. मग मला उचलायचे, उलटे करायचे आणि आकडा वाचायचा. आधी लावायचे, नंतर बघायचे. बाकीच्यांचे ढिले हात उचलताना सरकत. माझे जिथल्या तिथे राहत. ज्या खिळ्यामुळे मला गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याच खिळ्यामुळे आता सगळा वर्ग मला मागून नेऊ लागला. मित्रांनो, त्या वर्षी मी जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

चार वर्षे गेली. मग सहा महिने रुग्णालयातली उमेदवारी झाली. पदवी हातात पडली त्या दुपारी सुसाटने नखाने माझ्या पाठीवरचा कागद खरवडून काढला.

"हे काय करतेयस?" बहिणीने विचारले.

"आता मी शिकाऊ नाही," ती म्हणाली.

मला वाईट वाटले नाही. उलट पाठ हलकी झाल्यासारखी वाटली. काही दिवसांत तिला एका रुग्णालयात नोकरी लागली. खिडकीशी दोन टेबले, भिंतीला लाकडी शिडी, कोपऱ्यात मोठे चेंडू आणि सुसाटच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात मी.

तिथे रंगारीकाका आले. शिडीवरून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. तारेने बांधून ऑपरेशन झाले होते, पण गुडघा आखडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी बजावले होते, पुढच्या भेटीपर्यंत नव्वदपर्यंत नाही वाकला आणि रोज थोडा पुढे सरकतानाही दिसला नाही, तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. काकांना त्याची धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती शिडीची होती. गुडघा वाकला नाही तर पायरी चढता येणार नाही, आणि जमिनीवर उभे राहून माणूस किती उंच भिंत रंगवणार?

पहिल्या दिवशी बासष्ट अंश. मग सत्तर. मग एकोणऐंशी. डॉक्टरांच्या भेटीला सहा दिवस उरले होते. काका टाच स्वतःकडे ओढत होते, कपाळावर घाम होता.

"झाले का गं नव्वद?"

सुसाट आकड्याकडे बघत माझा हात फिरवत होती. मी त्र्याऐंशीवर थांबायला हवे होते. तिने हात केसभर पुढे नेला. मग आणखी केसभर. मी घट्ट होतो, पण ती नेईल तिकडे मला जावेच लागते.

"झाले, काका. नव्वद!"

काकांनी टेबलावर थाप मारली. सुसाटने आकडा नोंदीत लिहिला आणि दिवसभर शीळ घातली. तिला खरेच नव्वद दिसले होते, मित्रांनो. खोटे बोलायचे तिच्या मनातही नव्हते.

चार दिवसांनी काका आले, ते जरा पाय ओढतच.

"व्यायाम करताय ना?"

"नव्वद झाले म्हटल्यावर जरा दम खाल्ला," काका हसले.

तिने मोजले. ब्याऐंशी. पुन्हा मोजले. ब्याऐंशी. ती मला हातात धरून बराच वेळ माझ्या पाठीवरच्या डिंकाच्या डागाकडे बघत राहिली. मग काउंटरवरून पांढरा कागद आणला, कापला आणि चिकटवला. तिसऱ्यांदा मोजले, तेही न बघता. एक्क्याऐंशी.

"काका, गुडघा मागे गेलेला नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी नव्वद झालेच नव्हते. मी चुकीचे वाचले."

काका उठून बसले. "म्हणजे माझे चार दिवस पाण्यात?"

"हो."

"आणि परवा डॉक्टर बघणार."

"हो."

काकांनी टेबलाच्या कडेचा सुटलेला रंग नखाने खरवडला.

"ओली भिंत बघून आम्हीसुद्धा कधी गिऱ्हाईकाला सांगत नाही, रंग कसा आलाय ते," ते म्हणाले. "वाळू देतो. तुला कोणी शिकवले नव्हते का?"

"शिकवले होते," सुसाट म्हणाली. "मीच ते खरवडून काढले."

"मग बघतेस काय? धर टाच."

त्या दोन दिवसांत काका सकाळ-संध्याकाळ आले. सुसाट एकदाही घाईत दिसली नाही. नोंदीतल्या नव्वदवर तिने एकच रेघ मारली, जुना आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली.

हाडांचे डॉक्टर आले. त्यांनी रेघ बघितली.

"हे काय?"

"माझी चूक, सर. नव्वद नव्हते."

"आणि आजचे सत्त्याऐंशी? तेही उद्या खोडणार का?"

"नाही, सर." तिने मला त्यांच्या हातात दिले, कागदाची बाजू वर करून. "तुम्हीच मोजा."

डॉक्टरांनी खुणा चाचपल्या, माझे हात लावले, मला उचलून उलटे केले. आयुष्यात मी एवढा घट्ट कधी राहिलो नव्हतो. सत्त्याऐंशी.

"दोन दिवसांत सहा," डॉक्टर म्हणाले. "सरकतोय. भूल नको. तीन आठवडे देतो."

तीन आठवड्यांनी एकशे चार झाले. पुढे एकशे अठरा. आणि एका सकाळी रंगारीकाका आमच्याच विभागाची भिंत रंगवायला आले. शिडीच्या दोन पायऱ्या चढले, तिसऱ्या पायरीवर थांबले आणि भिंतीवर हातभर पट्टा ओढला.

"कसा वाटतो?" त्यांनी वरून विचारले.

"वाळू द्या, काका," सुसाट म्हणाली. "मग सांगते."

आता माझे आकडे पुसट झालेत. चाळीस तर जवळजवळ दिसतच नाही. विभागात चकचकीत स्टीलचे गोनिओमीटर आलेत, तरी सुसाटच्या खिशात मीच असतो. कागद मळला की ती बदलते. मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, मी वाकडा होतो. माझा खिळा ढिला करू नका. आणि कधी तुमच्या हातात काही मोजायचे आले, तर आपल्याला हवा तो आकडा घटकाभर झाका. माझ्या पाठीला त्या कागदाचा भार खरे तर कधीच झाला नव्हता.