दोन मुठींची करवत

मित्रांनो, तुम्ही पाहिलेल्या करवतीला एकच मूठ असते. मला दोन आहेत, दोन टोकांना. मी जुनी करवत आहे, माणसाच्या उंचीची, आणि जाड ओंडके एकट्याला कापवत नाहीत म्हणून माझा जन्म झाला. पातं कारखान्यात घडलं, पण मुठी एका सुताराने स्वतः तासल्या. त्याला दोन मुलगे होते. एका मुठीवर थोरला, दुसरीवर धाकटा, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

"फक्त ओढायचं," तो शिकवायचा. "ढकललंत तर पातं वाकेल. समोरच्याची पाळी आली की आपला हात सैल सोडायचा."

"दादा सैल सोडतच नाही," धाकटा तक्रार करायचा.

"तू झोपा काढतोस म्हणून," थोरला म्हणायचा.

तरी पुढे दोघांचा हात असा बसला की गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत उभी राहायची. म्हातारा गेल्यावरही ते गप्पा मारत मला ओढायचे. माझे सगळ्यांत चांगले दिवस तेच.

मग धाकट्याच्या मनात विजेची करवत आणायचं आलं. त्याने विषय काढला तेव्हा ओंडका अर्धा कापून झाला होता.

"म्हणजे माझा हात आता नको, असं सरळ सांग ना," थोरला म्हणाला.

"दादा, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. बाबा होते म्हणून तुझं चालून गेलं."

थोरल्याने हातोडा उचलला. मला वाटलं, आता रक्त सांडणार. पण त्याने तो खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "आजपासून तुझं-माझं बोलणं बंद."

धाकट्याने रस्त्यापलीकडे दुकान थाटलं. मला भिंतीवर टांगलं गेलं. दोघे भाऊ एकमेकांना दिसत होते, ऐकूही येत होते, पण निरोप जायचे ते थोरल्याच्या लहान मुलीकरवी.

"काकाला सांग, लाकडं रस्त्यात टाकू नको."

"तुझ्या बाबाला सांग, रस्ता काही त्याच्या आजोबांचा नाही."

"काका, तुमचे दोघांचे आजोबा एकच होते ना?"

दोघेही हसू दाबत पाठ फिरवायचे.

अधूनमधून थोरला मला खाली काढायचा, कानशीने दात घासायचा, तेल लावायचा आणि परत टांगायचा. धार काय, एकट्यालाही लावता येते.

एकदा मुलीला शाळेत आंतरराष्ट्रीय अहिंसा दिनावर बोलायचं होतं. माझ्यासमोर स्टुलावर उभी राहून तिने भाषण म्हणून दाखवलं. शस्त्र न उचलता अन्यायाशी लढायला शिकवणाऱ्या एका माणसाचा दोन ऑक्टोबर हा जन्मदिवस. तो साऱ्या जगाने अहिंसा दिन म्हणून पाळावा, असं संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली ठरवलं. थोरला रंधा थांबवून ऐकत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मारलं का मी तुझ्या काकाला? हातोडा खाली ठेवला."

"पुढे आहे, बाबा." ती वाचू लागली. "पण नुसतं न मारणं म्हणजे अहिंसा नव्हे. ज्यांच्याशी त्याचा लढा होता, त्यांना तो पत्रं लिहायचा, भेटायला जायचा. त्यांचं वागणं त्याला पटत नव्हतं, पण ती माणसं त्याने कधी तोडली नाहीत."

थोरल्याने रंधा पुन्हा सुरू केला. मान वर न करताच म्हणाला, "ती मोठी माणसं. त्यांना वेळ असतो."

मुलगी मोठी झाली. थोरला थकला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी तो म्हणाला, "धाकट्याला बोलाव."

ती चपला घालत होती तोच त्याने हाक मारली. "थांब. आज नको. दाढी बघ किती वाढलीये. त्याला वाटेल, दादा खचला. उद्या न्हावी येऊन गेला की बोलाव."

ती थांबली. दुसऱ्या दिवशी न्हावी आला, तेव्हा थोरला गेलेला होता.

धाकटा आला तो थेट आत. भावाच्या पायाशी बसून राहिला. मग पुतणीला विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"उद्या बोलाव म्हणाले."

"मी दारापर्यंत येऊन परत गेलो गं. म्हटलं, बोलावणं आलं की जाऊ."

पुढे तिने मला खाली काढून काकासमोर धरलं. "तुम्ही न्या."

"एकटा घेऊन काय करू?" तो म्हणाला. मी अजून भिंतीवरच आहे. दातांवर गंज चढला आहे.

मित्रांनो, दोन ऑक्टोबरला तुम्हीही भाषण कराल. जरूर करा. कोणी कोणाला मारू नये, हे ठणकावून सांगा. पण अबोल्याने रक्त सांडत नाही, म्हणून त्याची जखम कोणाला दिसत नाही. त्याने दोन भावांचं अख्खं आयुष्य कापलं गेलेलं मी पाहिलं आहे, आणि कापायचं काम मला कळतं. तुमचाही कोणाशी अबोला असेल, तर त्या दिवसाची वाट बघू नका. उठा, आणि त्याच्या दाराची कडी वाजवा. केस विस्कटलेले असले तरी चालेल.