पिंपळाला घातलेलं पाणी

शेंद्र्याच्या त्या नव्या कॉलनीत दुष्काळाच्या उन्हाळ्यात सगळी गल्ली टँकरवर जगत होती, आणि टँकर आवडाबाईंच्या जिभेवर चालत होता. शेतं गेली, कारखाने आले, बंगले उठले, पण नळाची लाइन काही आली नाही. टँकरवाला कडुबा सरपंचालाही भीत नसे. आवडाबाई दारात दिसल्या की मात्र नजर चुकवायला खाली वाकून गाडीतच चप्पल शोधू लागे. त्यांचे यजमान आप्पासाहेब अगदी उलट, भाजीचा भाव विचारायलाही लाजणारे.

आणि गाठ आली ती नेमकी आवडाबाईंच्या जिभेला, मागच्या अंगाला. जन्मभराच्या मिश्रीनं दावा साधला.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर चारुतांनी आप्पासाहेबांना नीट समजावलं. "काका, गाठ भराभर वाढली की तिच्या आत रक्त पुरेसं पोचत नाही, तिथं ऑक्सिजन कमी पडतो. असा भाग रेडिएशनला दाद देत नाही. तो निघाला तर ऑपरेशन करून निम्मी जीभ काढावी लागेल. नसला तर रेडिएशनवर भागेल. आता नवीन स्कॅन आलाय, त्यात तो भाग चमकतो. पुढच्या आठवड्यात करू."

आवडाबाई गप्प बसलेलं घर आप्पासाहेबांना डोळ्यांसमोर आणवेना. त्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी एकच गोष्ट मनाशी घट्ट धरली, की बायकोला ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही. पिंपळ भरपूर ऑक्सिजन देतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आवडाबाईंना मारुतीच्या पारावरच्या पिंपळाखाली बसवून लांब श्वास घ्यायला लावू लागले. पण पिंपळच पाण्यावाचून वाळत चाललेला. मग आप्पासाहेब पहाटे गुपचूप घरच्या टाकीतून हंडे नेऊन त्याला घालू लागले. पिंपळानं अंग धरलं, टाकी तळाला गेली, आणि आवडाबाईंचा संशय गेला कडुबावर.

स्कॅनच्या दिवशी आवडाबाईंच्या हातात इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी बजावलं, "आता स्कॅन होईपर्यंत शांत पडायचं. एक शब्द बोलायचा नाही." आणि कडुबाचा फोन आला. आवडाबाईंनी तो नवऱ्याच्या हातात कोंबला, बोटानं हवेत टाकी काढून दाखवली, मूठ वळली, दात खाल्ले. इतक्या वर्षांच्या संसारात आप्पासाहेबांना त्यांच्या खुणा पाठ होत्या.

"कडुबा, बरा हायेस ना?" आप्पासाहेब म्हणाले. दंडाला चिमटा बसला. "म्हंजे, तू आमच्या टाकीतलं पाणी मारतूस. लई लबाड हायेस."

"आप्पा, आईची आन, टाकी भरून देतो मी. माझ्यावर इस्वास नाय व्हय?"

"हाय की," आप्पासाहेब बोलून गेले आणि दुसरा चिमटा बसला. मग त्यांनी डोळे मिटून स्वतःच्याच चोरीबद्दल कडुबाला अशा काही शिव्या घातल्या, की बाहेरची सिस्टर दार उघडून बघून गेली. आवडाबाईंनी समाधानानं मान डोलावली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना स्क्रीनपुढं बसवलं. "ही गाठ. ऑक्सिजन कमी असता तर इथं चमकलं असतं. कुठंच चमकलेलं नाही. रेडिएशनचे दिवस कठीण जातील, तोंड सोलवटेल, पण मावशी, जीभ काढायची नाही."

आप्पासाहेबांना आनंद आवरेना. खुर्चीतून उठून त्यांनी स्क्रीनलाच हात जोडले. "पिंपळ पावला, डॉक्टरीणबाई. रोज पहाटं हंडे घातले मी त्याला. टाकीतले."

"काका, पिंपळाचा आणि गाठीचा काही संबंध नसतो हो," डॉक्टर हसत म्हणाल्या. पण आवडाबाई हळूहळू नवऱ्याकडं वळल्या होत्या.

"टाकीतले?" त्यांनी विचारलं.

तिथून जे सुरू झालं, ते जिन्यात थांबलं नाही आणि रिक्षातही थांबलं नाही. कडुबाचा तळतळाट, गल्लीची तहान, सासरच्या सात पिढ्यांची अक्कल, सगळं निघालं. एकेक शब्द ठणठणीत, जिभेवरून सरळ सुटलेला. आप्पासाहेब कोपऱ्यात अंग चोरून ऐकत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते. जन्मात एवढे सुखी ते कधी झाले नव्हते.

चिकलठाणा मागं पडलं तशी रिक्षावाल्याला दया आली. आरशातून बघत तो हळूच म्हणाला, "चाचा, गाडी तेज लेऊं क्या?"

"नको रे बाबा," आप्पासाहेब म्हणाले. "सावकाश घे. घर लई जवळ हाय."