मुनी बोलायला लागली

कानाच्या दवाखान्यात तिने शिंपीकाकांच्या हातात तपासणीचं बटण दिलं आणि त्यांच्यासमोर वाकून म्हणाली, “काका, कानात आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. बाकी काही करायचं नाही.”

“बाकी काय करणार? या खोलीत माशीसुद्धा नाही,” काका म्हणाले. “एकदा काय झालं, एक नवरदेव माझ्याकडे कोट शिवायला आला...”

नवरदेवाला तिथेच सोडून तिने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला, लाल बाजू उजवीकडे, निळी डावीकडे. बाहेर येऊन जाड दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, काकांचे ओठ अजून हलतच होते. तिने ओठांवर बोट ठेवलं. ते थांबले, हसले, आणि पहिला आवाज यायच्या आत पुन्हा सुरू झाले.

“हे असे नव्हते हो पूर्वी,” बाहेर बाकावर बसलेल्या काकू म्हणाल्या. “दुकानात गिऱ्हाईक तासभर बोलायचं आणि हे तोंडात टाचण्या धरून नुसतं ‘हं’ म्हणायचे. आता मला एक वाक्य पुरं करू देत नाहीत. मी म्हटलं, चला, म्हातारपणी वाचा फुटली.”

तपासणी रडतखडत पूर्ण झाली. दवाखान्याच्या मॅडमनी पडद्यावरचा आलेख पाहिला. रेघ थोडं अंतर सरळ चालत होती आणि मग उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. त्यांनी काकूंना जवळ बोलावलं.

“जाड आवाज यांना ठीक ऐकू येतात. बारीक येत नाहीत. स, श, ख, थ अशी अक्षरं गळून पडतात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.”

“मग एवढं बोलतात ते?”

“म्हणूनच बोलतात. आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही. समोरच्याने काही विचारलं, तर पंचाईत.”

काचेपलीकडे काका कान चोळत बसले होते. काकू आत गेल्या आणि त्यांची दुमडलेली कॉलर सरळ करत उभ्या राहिल्या. “वर्षभर भांडतेय मी यांच्याशी,” त्या कोणाला उद्देशून म्हणाल्या ते समजलं नाही.

ती हेडफोनच्या गाद्या पुसत होती. पुसून झाल्या तरी पुसतच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे काका नव्हतेच, मुनी होती.

मुनी, बॉस आणि ती अशा तिघी फरशांच्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं एकत्र होत्या. बॉस म्हणजे खरी बॉस नव्हे. खऱ्या मालकालाही ती ‘पंखा कमी करा’ म्हणून सांगायची, म्हणून बॉस. आणि मुनी म्हणजे मौनी. दिवसभरात मोजकं बोलायची, पण ऐकायची अशी की समोरच्याला आपलं बोलणं आपल्यालाच नव्याने कळावं. शोरूम बंद झालं आणि तिघी तीन दिशांना पांगल्या. बॉस मुलीकडे परदेशी गेली. मुनी नवऱ्याच्या बदलीबरोबर डोंगरावरच्या एका लहान गावी गेली आणि तिथल्या वाचनालयात कामाला लागली. आणि ती, चाळिशी ओलांडलेली, फरशीच्या पन्नास छटा तोंडपाठ असलेली बाई, घरी बसली.

कानाच्या तपासणीचा कोर्स तिला मुनीनेच सुचवला होता. वर्गात ती सगळ्यांत मोठी, पोरं तिला मावशी म्हणायची. पहिल्या महिन्यातच तिने हाय खाल्ली. तेव्हा मुनी म्हणाली, “रोज संध्याकाळी फोन कर. दिवसभरात जे शिकलीस ते मला समजेल असं सांग. मला समजलं म्हणजे तुला आलं.”

ती सांगत गेली. कानाचा पडदा, त्यामागची हाडांची साखळी, गोगलगायीच्या शंखासारखा आतला कान. मुनी मधूनच एखादा साधा प्रश्न विचारायची आणि त्या प्रश्नाचं उत्तर देता येईना म्हणून ती रात्री पुस्तक उघडायची. ती पास झाली त्या दिवशी तिचा नवरा पेढ्यांचा पुडा उघडत म्हणाला, “अर्धे तिकडे पाठव. अर्धी परीक्षा तिनेच दिलीय.”

मग ही नोकरी लागली. आणि त्याच सुमारास मुनी बोलायला लागली.

सुरुवातीला तिला गंमत वाटली. नव्या गावाने मुनीला धीट केलं म्हणायचं! फोन उचलला की मुनी सुटायचीच: शेजारच्या मांजरीची पिल्लं, धुकं, वाचनालयातली वाळवी. हळूहळू तिच्या लक्षात आलं, मुनी आपलं काही विचारतच नाही. विचारलं तरी उत्तर संपायच्या आत पुन्हा मांजरीवर येते. दवाखान्यात नवीन असताना एका लहान मुलीच्या कानातल्या मशीनचा आवाज तिच्या हातून जरा जास्त ठेवला गेला होता. मुलगी किंचाळली, तिची आई नाही नाही ते बोलली. त्या संध्याकाळी तिने रडत रडत मुनीला फोन केला. सगळं ऐकून मुनी म्हणाली, “अरे वा! छानच झालं की!”

तिने फोन ठेवला. नंतर करेन, उद्या करेन, असं करता करता फोन मागेच पडला. कामही खूप होतं, ते निमित्त खोटं नव्हतं. मुनीनेही केला नाही. मध्ये एकदा तिघींच्या ग्रुपवर मुनीने लिहिलं, ‘वाचनालय सोडलं. कंटाळा आला.’ बॉसने मुनीला नाही, तिला वेगळा फोन करून झाडलं, “तुमच्या दोघींचं काय बिनसलंय? मी इथून येऊन कान पिळू का?” ती म्हणाली, “काही नाही गं. ज्याचा त्याचा संसार.”

दुपारच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तिने ग्रुप उघडला आणि अंगठ्याने वर वर सरकवत गेली. बॉस आणि ती दोघी आळशी, टाईप करायचा कंटाळा, त्यामुळे बोलूनच निरोप पाठवायच्या. त्यांच्या प्रत्येक आवाजी निरोपाखाली मुनीचं एक फूल होतं. कधी हसरा चेहरा. एके ठिकाणी बॉसने नवऱ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलून पाठवलं होतं, त्याखालीही फूल. पण जिथे कोणी लिहिलं होतं, मग ती एक ओळ का असेना, तिथे मुनीचं उत्तर चांगलं पाच-सहा ओळींचं होतं. विचारपूस होती, आठवण होती, ‘औषधं वेळेवर घे’ होतं. जुनी मुनी जशीच्या तशी तिथे होती.

तिने फोन उलटा ठेवला. कानांचा अभ्यास केलेली आपण, असं तिच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य तिने मनातही पुरं केलं नाही.

मग तिने लिहिलं: ‘रविवारी सकाळी व्हिडिओवर ये.’

उत्तर लगेच आलं: ‘इथे नेट फार वाईट आहे गं. लिहून बोलू या ना.’

‘वाईट तर वाईट. तुझं तोंड बघायचंय.’

शेवटी: ‘बरं.’

रविवारी तिने खुर्ची खिडकीसमोर ओढली. उजेड पाठीवर नको, तोंडावर हवा. पंखा बंद केला, स्वयंपाकघरात कुकर लावू नकोस म्हणून नवऱ्याला बजावलं. “मुलाखत आहे का कुठे?” तो म्हणाला. “हो,” ती म्हणाली आणि केस मागे बांधले.

मुनी पडद्यावर आली. जरा वाळली होती. कानांवरून केस पुढे घेतले होते. आल्या आल्या ती सुरू झाली, “अगं, इथे काल एवढं धुकं पडलं की समोरचं घर दिसेना, आणि ती मांजर...”

तिने अडवलं नाही. मांजर, पिल्लं, धुकं, सगळं होऊ दिलं. मुनी श्वास घ्यायला थांबली तेव्हा ती पडद्याच्या जवळ सरकली आणि एकेक शब्द सुटा करत, पण न ओरडता म्हणाली, “मुनी. मला तुझी फार आठवण येते.”

मुनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

“आज अशी का बोलतेयस?”

“दिवसभर अशीच बोलते. कामाची सवय.”

मुनीने मान खाली घातली. पडद्यावर तिचा भांग तेवढा दिसत होता. तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची सगळी लगबग उतरली होती.

“कधी कळलं तुला?”

“या आठवड्यात. तुला?”

“तुझ्या कोर्सच्या शेवटी शेवटी. तू सांगत होतीस ना, बारीक आवाज आधी जातात म्हणून. मी इकडे घड्याळाची टिकटिक शोधत होते. उजव्या कानाला घड्याळ लावून बसले होते.”

“आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?”

मुनीला हे पहिल्यांदा कळलं नाही. तिने पुन्हा, आणखी सावकाश विचारलं.

“तुझी परीक्षा तोंडावर होती. मग नवी नोकरी. तू रोज किती घाबरून फोन करायचीस. त्यात माझं कुठे काढू?” मुनी जरा हसली. “वाचनालयाचं तेच झालं. तिथे सगळे कुजबुजतात गं. कोणी पुस्तक मागितलं तर मी भलतंच काढून द्यायची. लोक चांगले, गपचूप तेच घेऊन जायचे. मलाच लाज वाटायला लागली.”

तिचे ओठ आता मुनीला वाचता येण्यासारखे नव्हते. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत उजेडात आली.

“मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.”

“मला वाटलं, तुला माझा राग आला. मी कधीतरी काहीतरी भलतंच बोलले असणार. बोलले ना?”

“नाही,” ती म्हणाली. मग मान हलवली. “हो. बोललीस. जाऊ दे.”

मग ती खुर्चीत सरळ झाली. “उद्याच तपासून घ्यायचं. तुझ्याजवळच्या शहरात माझ्या वर्गातली एक मुलगी आहे, मला मावशी म्हणायची. तिला आत्ता कळवते. थांबायचं नाही आता, जितकं थांबू तितकं अवघड होतं.”

“तपासणी तिथे करते. पण मशीन तुझ्याच हातून बसवून घेणार. त्यासाठी मी येईन.”

“ये. तुझ्यामुळे तर ही खुर्ची मिळाली मला.”

“खुर्ची कसली, तुझ्यामुळे मी घाबरले नाही,” मुनी म्हणाली. “बाकीच्यांना आपल्याला काय होतंय तेच माहीत नसतं. मला आतली हाडंसुद्धा पाठ होती.”

स्वयंपाकघरातून नवऱ्याने हात हलवून विचारलं, कुकर लावू? तिने हातानेच नाही म्हणून सांगितलं.

मुनीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, स्वतः मागे रेलली आणि हात मांडीवर घेतले. शोरूममध्ये दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती अशीच बसायची.

“आता सांग.”

“काय सांगू?”

“सगळंच. फोन होत होते तोवर मी फक्त हो ला हो करत होते. तुझी मॅडम गोरी की सावळी तेसुद्धा मला माहीत नाही. अगदी पहिल्या दिवसापासून सांग.”

तिने क्षणभर विचार केला. एवढ्या सगळ्यातून कुठून सुरुवात करायची? मग ती म्हणाली, “पहिल्या दिवशी मी दारात पोचले, तर मॅडम बाहेरच उभ्या. मला बघितलं आणि किल्ली...”

“थांब, थांब.” मुनीने हात वर केला. “खिल्ली उडवली? पहिल्याच दिवशी?”

“किल्ली. दाराची.”

“असं होय!” मुनी पुढे वाकली. “हं. मग?”